एक्स८६ लिनक्स कर्नल: सीपीयू सुरू होतानाचे बूट मेसेज कसे सुधारावेत?

रेवदंडा

नमस्कार मंडळी,

लिनक्स (त्याचा गाभा म्हणजे कर्नल) एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरवर, बूट होताना एक प्रोसेसर आधीपासून चालू असतो, बाकीचे सीपीयू तो उठवतो. हे चालू असताना लॉगमध्ये एक तक्ता छापला जातो. तो सुधारणारा एक छोटा पॅच (कोडमधला बदल) करायचा विचार आहे. त्याआधी जाणकारांकडून इथे चाळणी लागावी म्हणून हा धागा.

दोन सॉकेट, प्रत्येकी १६ कोअर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरमागे दोन थ्रेड) चालू, म्हणजे ६४ सीपीयू असलेल्या सर्व्हरवर साधारण असे दिसते (मधले आकडे गाळले आहेत; एसएमपी म्हणजे अनेक सीपीयू एकत्र चालवणे, नोड म्हणजे सीपीयू आणि त्यांच्या जवळच्या मेमरीचा गट):

एक्स८६: बूटिंग एसएमपी कॉन्फिगरेशन:
.... नोड  #०, सीपीयूज:        #१  #२  #३ … #१५
.... नोड  #१, सीपीयूज:   #१६ #१७ #१८ … #३१
.... नोड  #०, सीपीयूज:   #३२ #३३ #३४ … #४७
.... नोड  #१, सीपीयूज:   #४८ #४९ #५० … #६३
एसएमपी: ब्रॉट अप २ नोड्स, ६४ सीपीयूज

माझ्या अडचणी अशा. एक, तोच नोड दोनदा का येतो, आणि लॅपटॉपवर आकड्यांचा क्रम उलटसुलट का दिसतो? दोन, कधीकधी ओळ मधेच तुटते, दुसराच मेसेज घुसतो आणि उरलेले आकडे पुढच्या ओळीवर जातात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे: एखादा सीपीयू उठलाच नाही तर या तक्त्यावरून ते कळते का?

सगळा तक्ता काढूनच टाकावा असेही एक मत ऐकले आहे. त्यावरही बोलावे.

कोयनाकाठ

काढून टाकण्याआधी तो तिथे का आला ते पाहू.

२.६.३२ पर्यंतच्या कर्नलात प्रत्येक सीपीयूमागे आठ-दहा ओळी येत. 'बूटिंग प्रोसेसर १', मग 'इनिशियलायझिंग सीपीयू#१', बोगोमिप्स (वेगाचा ढोबळ आकडा) मोजल्याची ओळ, एल१ आणि एल२ कॅशच्या ओळी, फिजिकल प्रोसेसर आयडी, कोअर आयडी, पॅट चालू केल्याची ओळ, शेवटी मॉडेलचे नाव. चार कोअरच्या डेस्कटॉपवर कोणाला त्याचे काही वाटत नसे. पण ४०९६ सीपीयूची यंत्रे आली आणि हिशेब बिघडला.

आकडे मांडून बघा. सीपीयूमागे दहा ओळी, ओळीला ६० अक्षरे धरली तर ६०० अक्षरे. गुणिले ४०९६ म्हणजे साधारण २४ लाख ५७ हजार अक्षरे. सिरियल कन्सोल (तारेवरून लॉग बाहेर पाठवण्याची सोय) १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) असेल तर सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात, कारण एका अक्षरामागे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून १० बिट लागतात. म्हणजे २१३ सेकंद, साडेतीन मिनिटे नुसती छपाई. ९६०० बॉडवर हेच पाऊण तासाच्या आसपास जाते. आणि जुन्या पद्धतीचा सिरियल कन्सोल अक्षर बाहेर पडेपर्यंत सीपीयूला थांबवून ठेवतो, त्यामुळे हा सगळा वेळ बूटच्या वेळेत जमा होतो. शिवाय लॉग बफर १२८ किंवा २५६ केबीचा. मेमरी मॅप, एसीपीआय टेबले (फर्मवेअरने दिलेली हार्डवेअरची माहिती) अशा सुरुवातीच्या, खरोखर लागणाऱ्या ओळी या गर्दीत पुसल्या जात.

म्हणून २००९ साली हे मेसेज आवरले गेले आणि २.६.३३ पासून नोडमागे एक ओळ आणि त्यात नुसते आकडे असे रूप आले. २०१३ साली, ३.१३ च्या वेळी, त्याला आजचा सरळ रकान्यांचा तक्ता मिळाला. ४०९६ सीपीयूंना आज प्रत्येकी सहा अक्षरे लागतात, म्हणजे २४ केबी, त्याच सिरियलवर जेमतेम दोन सेकंद.

माझे मत: तक्ता राहू दे. सिरियलवर बसलेल्या माणसाला कुठवर आलो हे कळायला हवे.

अनुस्वार

रकान्यांचे गणित इथेच मांडून ठेवतो, पॅच करणाऱ्याला लागेल.

सगळा खेळ एसएमपीबूट.सी मधल्या अनाउन्स_सीपीयू() मध्ये आहे. रुंदी एकदाच काढली जाते: एकूण संभाव्य सीपीयूंच्या संख्येत किती अंक आहेत ते, अधिक '#' साठी एक. मग प्रत्येक आकड्यापुढे 'रुंदी वजा त्या आकड्याचे अंक' इतक्या मोकळ्या जागा. त्यामुळे ६४ सीपीयूंना प्रत्येक खाना चार अक्षरांचा: '  #१' आणि ' #१५' दोन्ही उजवीकडून जुळतात. पहिल्या ओळीत सुरुवातीला जी जादा मोकळी जागा दिसते ती #० ची. बूट सीपीयू आधीच चालू असल्यामुळे त्याचा आकडा छापला जात नाही, जागा मात्र राखली जाते, म्हणजे खालच्या ओळींशी रकाने जुळतात.

दोन बारकावे. रुंदी संख्येवरून काढतात, सगळ्यात मोठ्या क्रमांकावरून नाही. बरोबर १० सीपीयू असतील तर शेवटचा #९, तरी दोन अंकांची जागा सुटते. १०० ला तसेच. याने बिघडत काही नाही, त्यामुळे त्याला हात लावू नये. दुसरे म्हणजे 'संभाव्य' संख्येत नंतर जोडता येणारे सीपीयूही येतात. व्हर्च्युअल मशीनला आज ८ सीपीयू आणि कमाल २४० दिले असतील तर रकाने तीन अंकी होतात. 'एवढी मोकळी जागा का' हा प्रश्न आला की आधी तेवढे तपासा.

अंक मोजणारे नम_डिजिट्स() भागाकार न करता १० ने गुणत जाते. त्यात गुणाकार इंटच्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता होती, ती नंतर मोठा प्रकार वापरून बुजवली आहे. सीपीयूंची संख्या अब्जात जात नसल्यामुळे प्रत्यक्षात ती कधी आड आली नाही. जुन्या शाखेवर काम करत असाल तर एवढ्यासाठी अडून राहू नका.

सांजवात

पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

कर्नल क्रमांकाने जातो आणि नोड बदलला की नवी ओळ सुरू करतो. हा क्रमांक फर्मवेअरने एसीपीआयच्या टेबलात ज्या क्रमाने सीपीयू दिले त्यावरून पडतो. तुमच्या सर्व्हरवर आधी सगळे कोअर आणि मग त्यांचे जोडथ्रेड (त्याच कोअरचे दुसरे थ्रेड) अशी मांडणी आहे, म्हणून नोड #० पुन्हा आला. #३२ हा #० चाच जोडीदार आहे.

लॅपटॉपवर बहुतेकदा जोडीदार शेजारी असतात: #० आणि #१ एका कोअरचे. तिथे ६.५ पासून (२०२३) समांतर ब्रिंगअप (अनेक सीपीयू एकाच वेळी उठवणे) आल्यामुळे क्रम बदलला. आधी प्रत्येक कोअरचा पहिला थ्रेड उठवतात, ते पूर्ण चालू झाले की मग जोडथ्रेड. कारण मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) अपडेट कोअरच्या दोन्ही थ्रेडना सामाईक असतो, आणि तो चालू असताना दुसऱ्या थ्रेडने मधे लुडबूड करू नये. म्हणून आधी #२ #४ #६ आणि मग #१ #३ #५ असे दिसते. हार्डवेअरचा काही दोष नाही. खात्री करायची तर कर्नल कमांड लाइनवर 'सीपीयूएचपी.पॅरलल=०' द्या, क्रम पुन्हा सरळ होईल.

घरी करून बघायला क्यूईएमयू (आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) पुरे. '-एसएमपी ६४,सॉकेट्स=२,कोअर्स=१६,थ्रेड्स=२', नोड ० ला सीपीयू ०-३१ आणि नोड १ ला ३२-६३, प्रत्येक नोडला १ जीबीचा स्वतंत्र मेमरी बॅकएंड, '-नोग्राफिक', आणि कन्सोल सिरियलवर. केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने आभासी मशीन चालवणे) चालू ठेवा, नाहीतर ६४ सीपीयूंना फार वेळ लागतो. क्यूईएमयूमध्ये जोडथ्रेड शेजारी येतात, त्यामुळे समांतर मार्गात नोडच्या चार ओळी दिसतील: दोन सम आकड्यांच्या, दोन विषम.

तळटीप

तुटलेल्या ओळीबद्दल.

तक्ता पीआर_कॉन्टने छापला जातो, म्हणजे आधीच्या अपुऱ्या ओळीला पुढचा तुकडा चिकटवत जाणे. ही सोय फक्त बूटच्या अगदी सुरुवातीला, एकच सीपीयू चालू असताना वापरावी असे कर्नलच्या हेडरमध्येच लिहिलेले आहे. आणि इथे तर आपण नेमके दुसरे सीपीयू उठवत असताना ती वापरतो! मधे कोणीही, अगदी त्याच सीपीयूवरच्या दुसऱ्या कोडने, एक मेसेज टाकला की चालू ओळ तिथेच बंद होते आणि पुढचे आकडे नव्या ओळीवर, नव्या वेळेच्या शिक्क्यासह येतात.

नेहमीचे उदाहरण म्हणजे एमडीएस या सुरक्षा-त्रुटीची सूचना. एमडीएसची त्रुटी असलेल्या इंटेल प्रोसेसरवर पहिला जोडथ्रेड चालू होताच 'एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट अँड एसएमटी ऑन' ही लांबलचक ओळ एकदाच येते. आठ थ्रेडच्या मशीनवर #१ ते #४ एका ओळीवर, मग ही सूचना, मग खाली एकटे #५ #६ #७ असे चित्र दिसते. बघणाऱ्याला वाटते #४ मध्ये काही बिघाड आहे. प्रत्यक्षात #४ हा #० चा जोडथ्रेड आहे, एवढाच त्याचा संबंध.

ओळ तुटण्याचे आणखी एक कारण आहे. एका नोंदीला साधारण हजार अक्षरांची मर्यादा असते. एका नोडमध्ये २५६ सीपीयू आणि खान्याला पाच अक्षरे धरली तर दोनशेच्या आसपास ओळ भरते आणि उरलेले आकडे नव्या नोंदीत जातात, 'नोड #०' हा मथळा न घेता.

रेवदंडा

तळटीप, हे फार उपयोगी. मग नोडमागचे आकडे आधी एका बफरमध्ये जमवून नोड बदलला की एकदम एक ओळ छापली तर? घुसखोरी होणार नाही.

सांजवात

पण मशीन मधेच अडकली तर? #१३ ला उठवताना सगळेच थांबले, तर बफरमधले #१ ते #१२ कोणालाच दिसणार नाहीत. आजच्या पद्धतीत निदान तिथपर्यंतचे आकडे पडद्यावर असतात.

तळटीप

तेही आज पडद्यावर नसतात. ४.९ च्या आधी अपुरी ओळ कन्सोलवर लगेच जात असे. २०१६ मध्ये, ४.९ ला, ती सोय काढली. अपुरी ओळ बफरमध्ये थांबते आणि पूर्ण झाल्यावर, किंवा दुसरा मेसेज आल्यावरच बाहेर पडते. ५.१० ला नवा रिंगबफर (लॉग साठवणारी जागा) आला, त्यातही हेच: नोंद अंतिम झाल्याशिवाय वाचणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे #१३ वर मशीन पूर्ण गोठली तर सिरियलवर 'बूटिंग एसएमपी कॉन्फिगरेशन' ही शेवटची ओळ असते आणि पुढे काही नाही.

म्हणजे 'कुठवर आलो ते कळते' हा तक्त्याचा मूळ फायदा, तो उरलेलाच नाही. ही गोष्ट पॅचच्या वर्णनात स्पष्ट लिहा, परीक्षण करणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न पहिला येणार.

कोयनाकाठ

हे लक्षात घेतले तर माझा 'राहू दे' हा आग्रह सोडतो. आता तिसऱ्या प्रश्नाकडे या, कारण खरी सुधारणा तिथे आहे.

अनाउन्स_सीपीयू() कधी चालते ते बघा: इनिट आणि स्टार्टअप आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला उठवायला दिलेले इशारे) पाठवण्याच्या आधी. म्हणजे तक्त्यात #१३ आहे याचा अर्थ १३ ला हाक मारली एवढाच. त्याने ओ दिली की नाही हे तक्ता सांगतच नाही. ओ आली नाही तर कर्नल १० सेकंद वाट बघतो आणि मग ६.५ पासून 'सीपीयू१३ फेल्ड टू रिपोर्ट अलाइव्ह स्टेट' असा त्रुटीचा मेसेज येतो. जुन्या कर्नलात त्याच जागी 'डू_बूट_सीपीयू फेल्ड … टू वेकअप सीपीयू#१३' असे होते. एकेक करून उठवताना तीन सीपीयू गप्प राहिले तर बूट अर्धा मिनिट लांबते. बूटमध्ये दहाच्या पटीत खड्डा दिसला की हे आधी तपासावे.

याची उलट बाजूही आहे. 'नोएसएमटी' (जोडथ्रेड बंद) देऊन बूट केले तरी जोडथ्रेडचे आकडे तक्त्यात येतात. कारण एक्स८६ वर प्रत्येक थ्रेड एकदा तरी उठवून त्याचा सीआर४ रजिस्टरमधला मशीन चेकचा (हार्डवेअर बिघाडाच्या सूचनेचा) बिट लावावा लागतो. तो न लावलेला एकही थ्रेड उरला आणि मशीन चेक सगळ्यांना प्रसारित झाला, तर अख्खी मशीन बंद पडते. म्हणून उठवतात आणि लगेच खाली बसवतात. तक्ता वाचणाऱ्याला मात्र वाटते की नोएसएमटी लागूच झाले नाही.

म्हणून हाक वेगळी छापावी आणि ओ वेगळी.

अनुस्वार

+१. आणि ओ छापायला नवे काही लिहावे लागत नाही. प्रिंटकेमध्ये (कर्नलचे छपाईचे फंक्शन) '%*पीबीएल' हा फॉरमॅट आहे, तो बिटमॅप (सीपीयूमागे एक बिट) यादीच्या रूपात छापतो. रेवदंडा यांच्या सर्व्हरवर असे येईल:

.... नोड #०, सीपीयूज: ०-१५,३२-४७
.... नोड #१, सीपीयूज: १६-३१,४८-६३

१३ उठला नाही तर पहिली ओळ '०-१२,१४-१५,३२-४७' होते. मोकळी जागा डोळ्यांत भरते. सीपीयू ६४ असोत की ४०९६, ओळीची लांबी बहुधा तेवढीच. पीआर_कॉन्ट नाही, त्यामुळे ओळ तुटणे नाही. एकच पीआर_इन्फो, संपूर्ण ओळ.

लिहिण्याची जागा नेटिव्ह_एसएमपी_सीपीयूज_डन(). हे सगळे सीपीयू उठून झाल्यावर, 'ब्रॉट अप' ओळीच्या लगेच नंतर चालते. चालू असलेल्या प्रत्येक नोडसाठी त्या नोडचा सीपीयूमास्क (त्यातल्या सीपीयूंचा बिटमॅप) घ्या, ऑनलाइन मास्कशी अँड करा (दोन्हीत असलेले तेवढेच ठेवा), छापा.

काळजी दोन ठिकाणी. मॅक्सएसएमपी कॉन्फिगमध्ये एनआर_सीपीयूज (सीपीयूंची कमाल संख्या) ८१९२ असते, म्हणजे एक मास्क १०२४ बाइटचा. १६ केबीच्या स्टॅकवर तो ठेवू नका. फंक्शन फक्त बूटच्या वेळी चालते, तेव्हा स्टॅटिक ठेवून इनिटडेटा म्हणून खूण करा, बूटनंतर ती जागा परत मिळते. आणि मास्क रिकामा असेल तर ती ओळ गाळा. सीएक्सएलची (जादा मेमरी जोडण्याची एक सोय) मेमरी जोडलेल्या मशीनवर नुसती मेमरी असलेले, एकही सीपीयू नसलेले नोड असतात, त्यांच्यासाठी 'सीपीयूज:' पुढे रिकामे छापणे बरे दिसत नाही.

'चालू न झालेले' अशी वेगळी ओळ छापायचा मोह होईल. ती वॉर्निंग म्हणून छापू नका. मॅक्ससीपीयूज= (किती सीपीयू उठवायचे ते) किंवा नोएसएमटी दिले असेल तर तो वापरणाऱ्याचाच निर्णय असतो, त्याला लाल ओळ दाखवणे चूक.

रेवदंडा

मग हाकेचे काय? पूर्ण काढू का?

तळटीप

पीआर_डीबग (एरवी न दिसणारा मेसेज) करा, सीपीयूमागे एक संपूर्ण ओळ, नोड आणि एपीआयसी आयडीसह (सीपीयूचा हार्डवेअरमधला क्रमांक). बूट झाल्यानंतर, म्हणजे सस्पेंडमधून परतताना किंवा हॉटप्लगच्या (चालू मशीनवर सीपीयू जोडण्याच्या) वेळी, 'बूटिंग नोड ० प्रोसेसर १ एपीआयसी …' अशी ओळ आजही येतेच. तोच साचा वापरा म्हणजे दोन्हीकडे एकच शोधशब्द चालतो.

ज्याची मशीन अडकते आहे त्याने कमांड लाइनवर 'डिनडीबीजी="फाइल एसएमपीबूट.सी +पी"' आणि 'लॉगलेव्हल=८' द्यायचे. डीबगचा स्तर ७ असल्यामुळे ८ दिल्याशिवाय तो कन्सोलवर येत नाही. डायनॅमिक डीबग (हे मेसेज हवे तेव्हा चालू करण्याची सोय) अर्ली इनिटकॉलमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यात, चालू होते आणि दुय्यम सीपीयू त्यानंतर उठतात, त्यामुळे हे वेळेत लागू होते. मात्र कर्नलात कॉन्फिग_डायनॅमिक_डीबग हवे. प्रत्येक ओळ पूर्ण असल्यामुळे शेवटची दिसलेली ओळ म्हणजे शेवटची हाक. आता सांजवात यांना हवे तेच मिळते.

अडकणारा सीपीयू कळला की 'मॅक्ससीपीयूज=१३' देऊन बूट करा, ० ते १२ चालू होतील. मग सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात देणारी जागा) सीपीयू१३ च्या 'ऑनलाइन' फाइलीत हाताने १ लिहा. आता मशीन वर आलेली असते, लॉग डिस्कवर किंवा नेटकन्सोलवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे) जातो, आणि बिघाड निवांत बघता येतो. काही डिस्ट्रोंमध्ये यूडेव्हचा (उपकरणे सांभाळणारा प्रोग्रॅम) नियम उरलेले सीपीयू आपोआप चालू करतो, तो आधी बंद करा.

पाणवठा

रास्पबेरी पाय ४ वर हा तक्ता दिसत नाही. तिथे प्रत्येक कोअरमागे वेगळ्या ओळी येतात. तिथेही हेच लावता येईल का?

सांजवात

तो एआरएम६४ चा (पायच्या प्रोसेसरच्या जातीचा) वेगळा कोड आहे, या पॅचमध्ये मिसळू नका. तिथे 'सीपीयू१: बूटेड सेकंडरी प्रोसेसर' ही ओळ तो सीपीयू स्वतः, उठल्यावर छापतो. म्हणजे ती ओच आहे, हाक नाही. शेवटी चौकटी कंसात एमआयडीआर (प्रोसेसरची ओळख सांगणारे) रजिस्टर असते. पाय ४ वर ते ४१०एफडी०८३ येते: ४१ म्हणजे आर्म कंपनी, डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२, शेवटचा ३ म्हणजे उपआवृत्ती. मोठे आणि छोटे कोअर एकत्र असलेल्या चिपांवर कोणता क्रमांक कोणत्या जातीचा हे याच ओळीवरून कळते, म्हणून ती आखडू नये. तिथे वाट बघण्याची मुदत ५ सेकंद आहे, त्यानंतर 'फेल्ड टू कम ऑनलाइन'.

कोयनाकाठ

रेवदंडा, पाठवण्याआधी एवढे बघा.

एकाचे दोन पॅच करा. पहिल्यात नुसती शेवटची यादी जोडा, दुसऱ्यात तक्ता डीबगवर न्या. दुसऱ्यावर वाद झाला तरी पहिला आत जाऊ शकतो. विषयाची ओळ 'एक्स८६/एसएमपीबूट:' ने सुरू करून पुढे आज्ञार्थी वाक्य. वर्णनात आधीचे आणि नंतरचे आउटपुट दोन्ही द्या, एक साध्या ६४ सीपीयूचे आणि एक '०-१२,१४-१५' असे तुटक. मेसेजच्या पॅचमध्ये परीक्षक आधी तेच वाचतो. चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) चालवाच. पीआर_कॉन्ट शक्यतो टाळा अशी सूचना तो स्वतःच देतो, तिचा उल्लेख वर्णनात केला तर चालेल.

कोणाच्या स्क्रिप्ट 'बूटिंग एसएमपी कॉन्फिगरेशन' ही ओळ लॉगमध्ये शोधून सीपीयू मोजत असतील तर त्या मोडतील. लॉगचा मजकूर कायम राहील असे कर्नल कधीच म्हणत नाही, तरी 'ब्रॉट अप २ नोड्स, ६४ सीपीयूज' या ओळीला हात लावू नका, ती सगळ्या आर्किटेक्चरना सामाईक आहे. ज्यांना संख्या हवी त्यांनी सिसएफएसमधली सीपीयूखालची 'ऑनलाइन' फाइल वाचावी. तिथे '०-१२,१४-६३' याच रूपात यादी मिळते, तुम्ही छापणार आहात त्याच साच्यात.

आणि चाचणी तीन प्रकारे घ्या: एकाच नोडचे मशीन, 'न्यूमा=ऑफ' (नोडची विभागणी बंद) देऊन, आणि 'नोएसएमटी' देऊन. तिसऱ्या प्रकारात तुमच्या सर्व्हरवर '०-१५' आणि '१६-३१' एवढेच यायला हवे. जोडथ्रेड त्या यादीत दिसले तर ऑनलाइन मास्कशी अँड करायचे राहिले आहे.